कंट्रोलरमामाची उन्हाळी जादा वाहतूक

लातुरात मे महिन्यात चालू पंखा बंद करायला लावणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर आमचा मामा असतो. सकाळचे नऊ वाजलेले, वरचा पत्रा तापायला लागलेला, शेडमध्ये आम्ही वीस-बावीस नातेवाईक घामाघूम होऊन दाटीवाटीनं बसलेलो, आणि मामा पंचाच्या खुर्चीवर बसला की त्याचा पहिला हुकूम सुटायचा, "पंखा बंद!" पंख्याच्या वाऱ्यानं टेबल टेनिसचा बॉल भरकटतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण उदगीरची मावशी पदरानं वारा घ्यायला लागली तर तो तिलाही सोडायचा नाही. "अक्का, वारा घ्यायचा असंल तर पलीकडच्या गल्लीत जाऊन घे. हितं मॅच चालू हाय." मावशी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती पदर खाली सोडायची आणि सासरच्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायची. त्याचा अर्थ आम्ही कुणीच कधी विचारला नाही.

मामाचं नाव विश्वनाथ. माझ्या आईचा मोठा भाऊ. मूळ गाव मुरुडजवळचं, पण नोकरी सगळी लातूरच्या बसस्टँडवर, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि माइकवरून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगायचं. लोक त्याला कंट्रोलर म्हणायचे, म्हणून आम्हा भाचरांचा तो कंट्रोलरमामा. निवृत्त होताना त्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पण माइक काही मिळाला नाही, आणि माणसाला खरी गरज त्याचीच होती.

दर मे महिन्यात आम्ही सगळे चार दिवस त्याच्या घरी जमायचो. आम्ही नांदेडहून, मावशीचं कुटुंब उदगीरहून, मामाची मुलगी स्मिता पुण्याहून. इतर घरांत याला सुट्टीला जाणं म्हणतात. मामा याला उन्हाळी जादा वाहतूक म्हणायचा. आधी पोस्टकार्डावर आणि नंतर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं फर्मान यायचं: उन्हाळी जादा वाहतूक अमुक तारखेला सुरू होत आहे, प्रवाशांनी वेळेपूर्वी अर्धा तास हजर राहावं, सोबत खेळायचे बूट आणावेत, रुसवे-फुगवे आणू नयेत. रुसवे-फुगवे या शब्दाखाली तो दोन रेघा ओढायचा. मोबाइल आल्यावर रेघा ओढता येईनात, तेव्हा तो शब्द दोनदा लिहायला लागला.

पहाटे साडेपाचला गच्चीवर झोपलेल्यांच्या उशाशी वर्तमानपत्राची गुंडाळी तोंडाला लावून त्याची घोषणा व्हायची. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. चहा स्वयंपाकघरात लागलेला आहे. ही चहाची शेवटची फेरी असून यानंतर जादा फेरी सोडण्यात येणार नाही." घरात एरवी तो आपल्या बोलीत, 'लई झालं', 'काय करायलास' असं बोलायचा, पण कागदाची गुंडाळी तोंडाला लागली की त्याची भाषा एकदम सरकारी व्हायची. माझा भाऊ संदीप उठायचा नाही. मग "नांदेडचे संदीप यांनी आपली चादर ताबडतोब ताब्यात द्यावी" अशी वेगळी घोषणा, आणि चादर गेलेलीच असायची.

घरामागं तीन गुंठे मोकळी जागा होती. तिच्यात एक कडुलिंब, एक शेवगा आणि कधीच आंबे न धरलेलं एक आंब्याचं झाड. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिथं खेळ चालायचे. लगोरी, डबा ऐसपैस, डाळ मिलमधून आणलेल्या बारदान्यात पाय घालून पळायची शर्यत, बायकांची लिंबू-चमचा. यातल्या कशातही वयाची सवलत नव्हती. माझी आई साठीला आल्यावरही लगोरी अशी फोडायची की ठिकऱ्या शेजारच्या अंगणात जायच्या. संध्याकाळच्या खेळाआधी अंगणात पाणी मारायचं काम सकाळी हरलेल्यांचं. एका वर्षी लातुरात पाण्याचे इतके हाल होते, की मामानं कळवलं, "पाण्याची कॅन सोबत नसलेल्या प्रवाशास प्रवेश मिळणार नाही." आम्हाला वाटलं, यंदा रद्द करतो म्हणेल. रद्द हा शब्द त्याला नोकरीतच सोसायचा नाही. आम्ही कॅन घेऊन गेलो, अंघोळीचं पाणी परातीत उभं राहून साठवलं आणि कडुलिंबाला घातलं, आणि मातीचे लोट उडवत लगोरी खेळलो.

पण या सगळ्या खेळांचा राजा टेबल टेनिस. स्टँडमागच्या विश्रांतीगृहात कामगारांसाठी एक टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत मामा त्याच्यावर खेळायला शिकला आणि चांगला खेळायला लागला. ते टेबल जुनं झालं म्हणून मोडीत निघालं, तेव्हा मामा ते हातगाड्यावर घालून घरी घेऊन आला. एक पाय आखूड, रंग उडालेला, जाळी मामीनं मच्छरदाणीच्या तुकड्याची शिवलेली. मागच्या शेडमध्ये ते मांडलं आणि त्या दिवसापासून मामानं स्वतः बॅट खाली ठेवली. "पंच खेळत न्हाई आन् खेळणारा पंच होत न्हाई," म्हणाला. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. नंतर कळलं, त्याला खेळण्यापेक्षा निवाडा करायला जास्त आवडायचं.

आणि निवाडा तो कानानं करायचा. टेबल टेनिसमध्ये भांडण होतं ते काठावरून. बॉल टेबलाच्या वरच्या काठाला चाटून गेला तर मारणाऱ्याचा पॉइंट, बाजूच्या फळीला लागला तर बाद. बॉलचा वेग असा की डोळ्यांना काही कळत नाही. मामा डोळे मिटून सांगायचा. "वर लागला की टक्. काठाला लागला की टिक्. बाजूला लागला की ठप्. यात बघायचं काय हाय?" स्टँडवर पाठमोरा बसून, आत आलेली गाडी निलंग्याची की औशाची, हे तो आवाजावरून ओळखायचा, तेव्हा याचं आम्हाला नवल वाटत नव्हतं. शेडच्या भिंतीवर खडूनं त्यानं दोन नियम लिहून ठेवले होते. एक, पंचाशी वाद नाही. दोन, पंचानं विचारलं तर खोटं नाही. कारण कधीतरी कुकरची शिट्टी व्हायची, कुणी शिंकायचं, आणि आवाज हुकायचा. मग तो खेळाडूलाच विचारायचा, "लागला?" खेळाडू सांगेल तो निकाल.

दुसरा नियम मी अकराव्या वर्षी मोडला. मामानं विचारलं, मी "न्हाई लागला" म्हणाले, आणि त्यानं मुकाट्यानं मला पॉइंट दिला. त्यानंतर दिवसभर तो मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत राहिला. "जेवलीस का?" हो. "खरंच?" "दात घासलेस?" हो. "नक्की?" वर चेहरा अगदी साधा. संध्याकाळपर्यंत मला रडू कोसळलं आणि मी सगळं ओकून टाकलं. तो म्हणाला, "मला तवाच ऐकू आलतं. टिक् झालतं." मग पॉइंट का दिला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "विचारल्यावर तू सांगितलंस ना? मग ते मानायला पायजे. न्हाईतर विचारायचं कशाला?"

त्याच्याजवळ नात्यागोत्याचा मुलाहिजा नव्हता. स्मिताचं लग्न झालं आणि पहिल्याच मे महिन्यात नवा जावई अमोल टेबलापाशी उभा राहिला. सोलापूरचा मुलगा, पुण्यात नोकरी, कॉलेजात खेळलेला. सर्व्हिस करताना तो बॉल बोटांत दाबून धरायचा. "तळहात उघडा. फाउल," मामा म्हणाला. दुसऱ्यांदा फाउल. पाचव्यांदाही फाउल. मामी हातात आमरसाचं पातेलं घेऊन दारातच थिजली. "अहो, जावई हायेत ते! पहिल्यांदा आलेत!"

"जावई जेवणाच्या पाटावर. हितं खेळाडू."

अमोल हरला, आणि नव्या जावयानं लग्नातल्या पँटीचे पाय दुमडून अंगणात बादलीनं पाणी मारलं. मामीनं रात्री जेवताना त्याला इतकं वाढलं की बिचाऱ्याला उठवेना. आम्हाला वाटलं, हा माणूस काही परत येत नाही. पुढच्या मे महिन्यात तो वर्षभर तळहात उघडा ठेवायचा सराव करून आला.

आता बक्षिसाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं. कप-बिप काही नसायचा. घरात मोठा कूलर एकच, हॉलमध्ये, आणि त्याच्यासमोर एक पलंग. अंतिम सामना बाईनं जिंकला तर बायका हॉलमध्ये आणि पुरुष गच्चीवर. पुरुषानं जिंकला तर उलट. जिंकणाऱ्याला कूलरसमोरचा पलंग. मे महिन्यातल्या लातुरात याच्यापुढं सोन्याचा कप ठेवला तरी कुणी हात लावला नसता.

मामा सत्तरीला आला त्या वर्षीची गोष्ट. पहिल्याच दिवशी मामी आंबे पिळता पिळता मला म्हणाली, "यांना ऐकू येईना झालंय गं. डॉक्टरनं मशिन लावा म्हणून सांगितलंय. म्हणतात, मे होऊ दे, मग बघू. तू कुणाला बोलू नको."

"मामी, मग पंच?"

"तेच तर. रिटायर झाल्यापासून त्या खुर्चीसाठी दरवर्षी अकरा महिने वाट बघतंय माणूस. ती गेली तर खचतील."

मी कुणालाही बोलले नाही. फक्त आईला सांगितलं. आईनं फक्त मावशीला. मावशीनं कुणाला सांगितलं ते विचारण्यात अर्थ नाही. दुपारच्या चहापर्यंत घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, मामा सोडून. मग आम्ही सगळे शहाण्यासारखे वागायला लागलो. मोठ्यानं बोलायचं, त्याच्यासमोर येऊन बोलायचं, काठाच्या बॉलवर मामा जे म्हणेल त्याला माना डोलवायच्या. तीन दिवस नीट पार पडले. आपण किती समजूतदार आहोत याचं मला मनातून कौतुकही वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

अंतिम सामना माझा आणि बसूचा. बसवराज, उदगीरच्या मावशीचा मुलगा, खत-बियाण्यांचं दुकान आणि शेती करणारा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्याकडून अंतिम सामन्यात आजवर चारदा हरलेला. तिसरा गेम, बसू दहा, मी नऊ. मी मारलेला बॉल त्याच्या बाजूच्या काठाला चाटून गेला. पंखा बंद, शेडमध्ये चिडीचूप, आणि 'टिक्' असा स्वच्छ आवाज झाला. मागं बसलेल्या मावशीलासुद्धा ऐकू गेला.

"बाहेर," मामा म्हणाला. "अकरा-नऊ. बसवराज विजयी."

कुणी टाळी वाजवली नाही. तिथंच आम्ही चुकलो. मामानं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि बसूकडं वळला. "बसू, लागला?"

बसूनं वर पाहिलं. मामाच्या पाठीमागं दारात मामी उभी होती, तिनं 'नाही म्हण' अशी मान हलवली. बसू म्हणाला, "न्हाई मामा. बाहेर होता."

मग मला. "तुला काय वाटतं?" एरवी मी अर्ध्या पॉइंटसाठी घर डोक्यावर घेते. मी म्हणाले, "बाहेरच."

मामा तरी खुर्चीवरून उतरेना. त्यानं माझ्या आईकडं पाहिलं. ही त्याची धाकटी बहीण, जिला त्यानं सायकलवर डबलसीट बसवून शाळेत नेलं होतं. "तू सांग. तू माझ्याशी कधी खोटं बोलली न्हाईस."

आईनं पदर सारखा केला. "बाहेर होता, अण्णा."

"मग ठीक," मामा म्हणाला आणि उतरला.

त्या रात्री पुरुष हॉलमध्ये झोपले आणि आम्ही बायका गच्चीवर. आता बसूनं निमूटपणे कूलरसमोरच्या पलंगावर पडायचं की नाही? पण त्याच्या मनाला ते पटेना. खोटं बोलून मिळालेल्या पलंगावर झोपायचं नाही म्हणून हा गडी सतरंजी घेऊन दाराशी जाऊन पडला. बाकीच्या पुरुषांनीही, संदीपसकट, पलंगाला हात लावला नाही. सगळे एकदम प्रामाणिक झाले होते. पहाटे पाचला मामा घोषणेसाठी उठला, तर कूलर भणाणतोय, त्याचा सगळा वारा पुढच्या रिकाम्या पलंगावर, आणि नऊ पुरुष लांब फरशीवर घामात भिजलेले.

मामानं अमोलला हलवून उठवलं. सामन्याचं चित्रीकरण मोबाइलवर अमोलनंच केलं होतं. अमोल सांगतो, मामानं तो तुकडा पंधरा-सोळा वेळा पाहिला. आवाज पूर्ण वाढवून फोन कानाला लावून ऐकला, मग हळू वेगात डोळ्यांसमोर धरून पाहिला. हळू वेगात बॉल काठावरून दिशा बदलताना लख्ख दिसत होता. मामा उठला. फोन परत दिला आणि शेडमध्ये गेला.

त्या दिवशी घोषणा झाली नाही. आम्ही उन्हं अंगावर आल्यावर उठलो आणि चहाला खाली आलो, तर शेडमधल्या फळ्यावर, जिथं सामन्यांचं वेळापत्रक असायचं तिथं, त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं:

अंतिम सामना: निकाल रद्द.
पंच: रद्द.

तो स्वतः कडुलिंबाखाली बाजेवर बसला होता. आम्ही हळूहळू भोवती जमलो. आई पुढं होऊन म्हणाली, "अण्णा, तुला वाईट वाटू नये म्हणून रे."

"मला ऐकू येईना झालंय, हे मला ठाव हाय," मामा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त जड गेलं. "म्हणून तर विचारलं. कान गेला तर माणसं हायेत, असं धरून चाललो होतो. कान वयानं गेला, त्याचं काय बी वाटत न्हाई. पण आता मी कुणाला विचारू? तिघांना विचारलं. तिघं बी खोटं बोलले. तू सुद्धा."

आई तिथंच मातीत बसली. मामी म्हणाली, "त्यांची चूक न्हाई, मीच खुणावलं." तो म्हणाला, "म्हणजे चौघं."

आम्ही दुपारच्या गाड्यांनी आपापल्या घरी निघालो. निघताना नेहमी प्रत्येकाच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी द्यायचा, ती त्यानं दिली. पण पुढं महिन्यांमागून महिने ग्रुपवर त्याचा एक शब्द आला नाही. आई दर रविवारी फोन करायची, मामी उचलायची, "झोपलेत" म्हणायची. आईचा जीव कशातच लागेना. पुढच्या वर्षी जादा वाहतूक सुटणार नाही हे आम्ही धरूनच चाललो होतो, आणि ती चार दिवसांची गाठ सुटली की आम्ही नुसते लग्नांत भेटणारे नातेवाईक होऊन जाणार, हेही कळत होतं.

पहिला हलला तो बसू. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूरकडचे सगळे लोक शेतात जेवायला जातात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. बसू दरवर्षी मामाला आपल्या शेतात न्यायचा. त्या वर्षी तो भीत भीत गाडी घेऊन गेला आणि मामा, नवल म्हणजे, बसला. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोपटीसारखी कोप केलेली, ताकातल्या अंबिलाचं मडकं, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. मामाच्या हातात अंबिलाचा पेला देऊन बसू त्याच्या कानाशी गेला आणि म्हणाला, "मामा, तो बॉल लागला होता. मी खोटं बोललो."

"ते मला व्हिडिओनं सांगितलंय."

"व्हिडिओनं सांगितलं. मी सांगितलं न्हवतं."

मामानं अंबिल पिऊन पेला पुढं केला. "एवढं बोलायला अमावस्या यावी लागली तुला? वाढ आणखी." बसूनं हे सगळं आम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तो रडत होता की सर्दी झाली होती, कळलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मामीचा फोन आला. जादा वाहतूक सुटणार आहे. अट एकच. मागच्या वर्षी जो खोटं बोलला किंवा खोट्यावर गप्प राहिला, त्यानं फाटकाबाहेर उभं राहून खरं काय ते सांगायचं. मगच आत.

तो मामाचा शेवटचा मे ठरला. दिवाळीनंतर तो गेला, झोपेतच. त्या शेवटच्या चार दिवसांत तो पंचाच्या खुर्चीवर बसला नाही. ज्याच्या बाजूला बॉल पडला त्यानंच सांगायचं असं ठरलं, आणि खोटं कुणी बोललं नाही. कोण जिंकलं, हॉलमध्ये कोण झोपलं, मला आठवत नाही. आठवते ती पहिल्या दिवशीची सकाळ.

मी कॉलेजच्या परीक्षेच्या कामामुळं एकटी मागून निघाले होते. आई पहाटेच पोचली होती, संदीप मागून त्याच्या गाडीनं येणार होता. रिक्षातून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. फाटकाला आतून कडी, आणि आत डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून मामा उभा. एका वर्षात खांदे उतरले होते.

"बोल," तो म्हणाला.

मी नांदेडपासून वाक्य तयार करत आले होते. पुढं झुकून हळूच म्हणाले, "मामा, बॉल लागला होता. मी खोटं बोलले."

"काय?"

"बॉल लागला होता, मामा. मी खोटं बोलले."

"मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई मला."

समोर कोचिंग क्लासच्या पोरांचं हॉस्टेल आहे. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत पोरं पुस्तकं घेऊन बसलेली. मी स्वतः शिक्षिका, रोज अशाच पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी. डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मामा! बॉल काठाला लागला होता! मी तुझ्याशी खोटं बोलले!"

गॅलऱ्यांतल्या पोरांनी पुस्तकं खाली ठेवली. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला घरघरता चरक बंद करून बघायला लागला. मामानं कडी काढली, मला आत घेतलं आणि कानावरचा रुमाल बोटभर वर केला. कानामागं कातडीच्या रंगाचं छोटं मशिन बसवलेलं होतं.

"कधी लावलंस?"

"वेळ अमावस्येनंतर. मच्छर गेलेला बी ऐकू येतो."

"म्हणजे माझं पहिल्यांदाच ऐकू आलं होतं?"

"हाव की."

"मग तीनदा कशाला ओरडायला लावलंस?"

"एकदा सांगितलेलं पटंना झालंय मला," मामा म्हणाला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, जरा खालच्या आवाजात, "तुझ्या आईला पाचदा बोलायला लावलं. चौथ्याला ती रडली. मी बी रडलो. पण पाचव्याशिवाय कडी काढली न्हाई. तुझ्या मामीला तर घरातनं बाहेर काढून, पुन्हा फाटकातनं आत घेतलं. अमोल तेवढा तसाच आत आला. त्यानं व्हिडिओ दिला होता."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, दोन्ही आवरेना. आतून आईचा आवाज आला, ती मामीला आंब्यांवरून काहीतरी बोलत होती, अगदी नेहमीसारखी. मी पिशवी उचलली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी संदीपची गाडी वळताना दिसली. मामानं मला दंडाला धरून कडुलिंबाच्या आड ढकललं.

"तू हितं थांब. आन् हसू नको, त्याला कळंल."

त्यानं रुमाल कानावर नीट ओढला, फाटकाला कडी घातली, एक हात कानामागं नेला आणि तोंड भोळं करून उभा राहिला.